शेजारचा पट्टा

मढीची यात्रा उरकली आणि वारं सुटलं. तसं ते दरसाल सुटतं, त्यात नवल नाही. पण बहात्तरच्या चैत्रात सुटलं ते थांबायचं नाव घेईना. सकाळची न्याहारी झाली की खिंडीतून उतरायचं आणि दिवस मावळेपर्यंत करंजखोरीच्या माणसांच्या नाकातोंडात माती कोंबत राहायचं. ओठ फुटले, टाचा फुटल्या, भांडायला तर कुणाला कारणही लागेना. आदल्या साली पावसानं खालच्या शिवाराला नुसतं तोंड दाखवलं होतं. बाजरी वीतभर वाढून करपली, कडब्याची गंजी कुणाच्याच परड्यात उभी राहिली नाही. डोंगरावर मात्र चार सरी जास्त पडल्या होत्या. तिथं वाडीच्या कुरणात कमरेएवढं गवत वाळून उभं होतं. तीस उंबऱ्यांच्या वाडीतल्या सगळ्या गुरांची भिस्त आता त्या गवतावर होती.

कुरणाच्या वर जंगल खात्याचं रान. तिथं उन्हाळ्यात कुठून ना कुठून वणवा पेटायचाच. तो खाली कुरणात उतरू नये म्हणून दोन्हींच्या मध्ये, डोंगराच्या कमरेला करगोटा बांधावा तसा, बारा हात रुंदीचा पट्टा गवत काढून मोकळा ठेवायचा, ही वाडीची जुनी रीत. घरटी चाळीस पावलं पट्टा. हद्दीवर चुना फासलेले दगड. पट्ट्यातून निघेल ते गवत ज्यानं काढलं त्याचं. मात्र ते त्याच दिवशी खाली न्यायचं. पट्ट्यात काडी ठेवायची नाही. एरवी एकमेकांचा बांध कोरणारी माणसं एवढा एक नियम मात्र पाळायची, कारण आग बांध बघत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गहिनीनाथाच्या पट्ट्यात यंदा ओघळ आली होती. ओघळीत ओल टिकलेली, त्यामुळं गवत दाट. तो आणि त्याची बायको चांगुणा दोन दिवस विळे चालवत होते. कुसळं लुगड्यात, धोतरात, बोटांच्या बेचक्यांत शिरत होती. वारं कापलेली मूठ हातातून ओढून न्यायला बघायचं. पहिल्या दिवशीच्या पेंढ्या त्यांनी संध्याकाळी डोक्यावरून खाली नेल्या. दुसऱ्या दिवशी ओघळ कापली आणि पेंढ्यांचा ढीग बघून गहिनीचे डोळेच फिरले.

शेजारचा पट्टा लंकाबाईचा. पन्नाशी ओलांडलेली बाई, मागं पुढं कुणी नाही; एक तांबडी गाय, तीही गाभण. लंकाबाई खुरप्यानं मुळासकट गवत काढायची, आणि काढून झालं की शिंदीच्या फड्यानं जमीन झाडायची. डोंगरावर झाडलोट करणारी बाई करंजखोरीनं आजवर पाहिली नव्हती.

"आक्का, आंगन सारवायचं हाय का काय हितं?" गहिनीनं विचारलं.

"हस बाबा," लंकाबाई कंबर सरळ करत म्हणाली. "एकट्या बाईचा पट्टा हाय. उद्या काय झालं तर लोक आदी माझ्याकडंच बगतील. म्हनून झाडून ठिवते."

"तुझ्याकडं कशाला बगतील?"

"बगत्यात रं. तुला न्हाई कळायचं."

ऊन कललं तशी ती आपली जुडी डोक्यावर घेऊन निघाली. जाता जाता थांबली.

"तुझ्या पेंढ्या न्हेल्या का रं खाली?"

"न्हेल्या की," गहिनी म्हणाला.

ते खरं नव्हतं. तीस पेंढ्या ओघळीतल्या मोठ्या धोंड्याआड रचून ठेवल्या होत्या. वाटेवरून त्या दिसत नव्हत्या. धोंडा मात्र पट्ट्याच्या रुंदीच्या ऐन मध्यावर, लंकाबाईच्या हद्दीजवळ होता.

ह्याचं कारण सहादेवआण्णाचा निवाडा. सहादेव वाडीचा पंच. माणूस सरळ, पण सरळ माणसाच्या निवाड्यानंही पोटात गोळा येतो. त्यानं होळीलाच सांगून टाकलं होतं, की यंदा ज्याच्या परड्यात वैरण दिसेल त्याला कुरणातली वाटणी सगळ्यांच्या शेवटी. गहिनीच्या परड्यात पहिल्या दिवशीच्या पेंढ्या दिसतच होत्या. त्यात ह्या तीस गेल्या असत्या, तर वाटणीला त्याच्या नशिबी झाडलेलं कुसळच आलं असतं. त्याचे दोन्ही बैल, मोऱ्या आणि खैऱ्या, बरगड्या मोजाव्यात असे झाले होते. खैऱ्याला तर सकाळी शेपटीला धरून उठवावं लागे.

"ऱ्हाऊ द्यावं का हितं?" चांगुणानं विचारलं होतं. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"परवा बाजार. समदी पाथर्डीला गेली की दोगं मिळून उतरवू आन् घरात दडवू. दोन दिसांत काय हुतंय?"

"आन् वनवा आला तर?"

"आजवर आलाय का चैत्राच्या सुरवातीला?"

चांगुणानं विळा कमरेला खोचला. तिलाही बैल डोळ्यांपुढं दिसत होते.

वणवा दुसऱ्याच दिवशी आला. कुणी लावला, कसा लागला, कुणाला कळलं नाही आणि त्या गडबडीत कुणी विचारलंही नाही. दुपारी माथ्यावर धूर दिसला, आणि हाक उठेपर्यंत त्याचा काळा पडदा खिंडीपर्यंत पसरला. वाडी डोंगराकडे पळाली. पुरुषांनी निरगुडीचे ढाळे तोडून घेतले, बायांनी भिजवलेली पोती. भिजवायला पाणी तरी कुठलं. प्यायच्या हंड्यांतलंच घेतलं.

गहिनी पळत होता, पण त्याचं लक्ष वणव्याकडे नव्हतं. धोंड्याआडच्या तीस पेंढ्या त्याच्या डोळ्यांपुढं नाचत होत्या. आपण आधी पोचलो तर ओढून खाली लोटून देऊ, कुणाला कळणार नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. पायात काटा मोडला तरी तो थांबला नाही.

आग पट्ट्याशी आली आणि थबकली. खरंच थबकली. तीस घरांनी हाडं मोडून केलेलं काम कामी आलं होतं. पट्ट्याच्या वरच्या काठावर ज्वाळा उभ्या राहून फडफडत होत्या आणि पुढं खायला काही मिळत नव्हतं. माणसं ढाळ्यांनी काठ झोडपत होती. खोकत होती, हसतही होती. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "आडली! आडली रे आडली!"

तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत ओघळीत शिरला. गहिनी धोंड्यापासून दहा पावलांवर होता. ठिणग्यांचा एक मूठभर लोट वर उठला आणि धोंड्याआड उतरला. पेंढ्यांनी भस्सकन पेट घेतला. गहिनीनं उघड्या हातांनी एक पेंढी धरून मागं ओढली, दुसरी ओढली. बंध जळून सुटले आणि ढीग ढासळला. चार-पाच जळत्या पेंढ्या उतारावरून गडगडत खाली गेल्या आणि कुरणाच्या कमरेएवढ्या गवतात शिरल्या. हे सगळं चार श्वासांत झालं. धूर इतका होता की शेजारच्या पट्ट्यात पोतं आपटणाऱ्या लंकाबाईला गहिनी दिसतही नव्हता.

मग जे झालं ते सगळ्या वाडीनं पाहिलं. अर्धं कुरण डोळ्यांदेखत गेलं. दिवस मावळताना वारं पडलं म्हणून उरलेलं अर्धं वाचलं. माणसं काळी ठिक्कर पडून जिथल्या तिथं बसली. गहिनीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. सहादेवानं स्वतःचा पटका फाडून त्याला बांधला.

"गड्यानं जीव घातला," सहादेव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "उघड्या हातानं आगीत शिरला."

गहिनीला वाटलं, हा हात इथंच तुटून पडावा.

दुसऱ्या सकाळी वाडी पट्टा बघायला वर गेली. गवताची राख मध्यरात्री पुन्हा उठलेल्या वाऱ्यानं उडवून नेली होती. धोंडा काळा पडला होता, पण काळा न पडलेला दगड डोंगरावर राहिलाच नव्हता. खालच्या कुरणातला जळका भाग मात्र वर निमुळता होत जाऊन गहिनीच्या आणि लंकाबाईच्या हद्दीशी थांबत होता. हद्दीचा चुन्याचा दगड रेटारेटीत कुठंतरी घरंगळून गेला होता.

"हितनं उतरली," सहादेव म्हणाला. "गहिनी, तू हितंच हुतास. कुनाच्या पट्ट्यातनं उतरली?"

तीस घरांची माणसं गहिनीच्या तोंडाकडे बघत होती. लंकाबाईही बघत होती, अगदी निर्धास्त. शेजारी होता, त्यानं पाहिलं असणार, तो सांगेल, असा तिचा चेहरा होता.

"धुरात काय दिसतंय आण्णा," गहिनी म्हणाला.

एवढंच तो म्हणाला. लंकाबाईचं नाव त्यानं घेतलं नाही. पुढं आठ दिवस तो स्वतःला हेच सांगत राहिला, की आपण तिचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच पडली नव्हती. एकीकडे धडधाकट नवराबायको, त्यातला एक हात भाजून घेतलेला. दुसरीकडे खुरपं घेऊन एकटी बसणारी बाई. लोकांचं ठरायला वेळ लागला नाही.

"बाईमानसाचं काम. ऱ्हायलं आसंल मागं."

"मी झाडलं हुतं," लंकाबाई म्हणाली. "फड्यानं झाडलं हुतं."

कुणीतरी हसलं. सहादेव हसला नाही, पण निवाडा त्यानं दिला. ज्याच्या पट्ट्यातून आग उतरली त्याची वाटणी बंद, ही रीत त्याच्या आज्यानं घातलेली होती. ती त्याला मोडता येत नव्हती.

उरलेलं गवत तीन दिवसांत कापून झालं. गहिनीच्या भाजलेल्या हाताला विळा धरवत नव्हता. त्याच्या वाटचं काम शेजाऱ्यांनी आपणहून केलं, वर चार माणसांनी त्याची पाठ थोपटली. वाटणीच्या दिवशी लंकाबाईच्या वाटच्या पेंढ्या फोडून घराघरांत वाटल्या. त्यातल्या दोन गहिनीच्या परड्यात आल्या. दिसायला त्या बाकीच्यांसारख्याच होत्या, पण गहिनीला त्या लांबूनही ओळखू येत. खैऱ्यापुढं पहिल्यांदा त्याच टाकल्या चांगुणानं. बैल खात होता आणि गहिनी दुसरीकडे तोंड करून बसला होता.

"मी जाऊन सांगतो आण्णाला," तो म्हणाला.

"आन् मंग?" चांगुणा खालच्या आवाजात म्हणाली. "वाटनी जाईल. बैलं जातील. बैलं गेल्यावर मिरगाला औताला काय मला जुपता?"

"तिची गाय गाभन हाय."

"ठाव हाय मला. मला न्हाई का ठाव?" चांगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाच तिला राग आला. "कोपरगावाकडनं उसाच्या वाढ्याचा ट्रक यायचाय म्हनत्यात. तवा देऊ तिला गुपचूप चार भारं. गप ऱ्हावा."

गहिनी गप राहिला. गप राहणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी ते करून पाहावं. त्याला अन्न गोड लागेना. भाकरीचा तुकडा मोडला की पेंढी मोडल्यासारखं वाटायचं. रस्त्यात लंकाबाईचं दार लागायचं म्हणून तो विहिरीवर मागच्या वाटेनं जाऊ लागला.

तर एके दिवशी सकाळी लंकाबाईच त्याच्या दारात आली. हातात कोरफडीचं पान होतं.

"हात बगू," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे आक्का. बरा हाय."

"दावतो का न्हाई?"

तिनं ओसरीवर बसून चिंधी सोडली, पान चिरून गर काढला आणि भाजलेल्या कातड्यावर हळू हळू लावत राहिली. तिच्याही बोटांवर फोड आले होते, फुटून वाळलेले. ते कुणी पाहिले नव्हते. गहिनीनं आत्ता पाहिले.

"गहिनी, एक इच्यारू? खरं सांगशील?"

गहिनीनं हात मागं ओढायला बघितला, तिनं तो धरून ठेवला.

"त्या दिशी तू शेजारी हुतास. माझा पट्टा तू पाह्यलास. माझ्याकडनं कुटं एखादी काडी ऱ्हायली हुती का रं? ऊन लई हुतं. डोळ्यापुढं अंधारी येत हुती. मला आता आठवत न्हाई. ऱ्हायली आसंल का?"

आतमध्ये चांगुणाचं जातं थांबलं.

"काय म्हाईत आक्का," गहिनी म्हणाला. आपलाच आवाज त्याला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

लंकाबाईनं मान हलवली. चिंधी नीट गुंडाळून गाठ मारली, हात लुगड्याला पुसले आणि उठली. "ऱ्हायलीच आसंल," ती जाता जाता म्हणाली. "समदी म्हनत्यात म्हंजी ऱ्हायलीच आसंल."

त्या दिवशी आतलं जातं पुन्हा फिरलं नाही.

पुढच्या बाजारच्या दिवशी सकाळपासूनच वारं सुटलं होतं. वडाच्या पारावर सहादेव आणि पाच-सात माणसं बसली होती. वाढ्याचा ट्रक आज येणार अशी पुन्हा आवई होती. गहिनीही पाराच्या कडेला उभा होता. लंकाबाई गल्लीतून आली. एका हातात दावं, मागं गाय. गाईच्या पोटाची गोलाई तेवढी उरली होती, बाकी नुसती हाडं. तीन दिवस तिनं गाईला पिंपळाचा पाला घातला होता, आणि गावातल्या पिंपळाला आता हाताला लागेल असं पान उरलं नव्हतं.

"कुटं गं लंकाबाई?" सहादेवानं विचारलं.

"पाथर्डीला. बाजारात."

"गाभन गाय बाजारात?"

"मग काय करू आण्णा? दारात मरताना बगू?" तिनं हे भांडल्यासारखं म्हटलं नाही. "चूक माझी, तिची तर न्हाई ना. कुनी खाऊ घालनारा घेईल तर घेईल."

गाभण गाय त्या दिवसांत बाजारात कोण घेत होतं, आणि कशासाठी घेत होतं, हे पारावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. लंकाबाई पुढं झाली.

गहिनी रस्त्यात आडवा उभा राहिला.

"आक्का, थांब."

"वाट सोड रं. ऊन व्हायच्या आत पोचायचंय."

"आग तुझ्या पट्ट्यातनं न्हाई उतरली," गहिनी म्हणाला. एवढं बोलल्यावर त्याला पुढचं बोलणं भागच होतं. "माझ्यातनं उतरली. धोंड्याआड माझ्या तीस पेंढ्या हुत्या. त्या पेटल्या आन् खाली गडगडल्या. मी बगितलं."

पारावरची माणसं उठून उभी राहिली.

"पट्ट्यात?" सहादेव म्हणाला. त्याला ते खरंच कळेना. "पेंढ्या पट्ट्यात ठिवल्या?"

"तुमी वाटनीत मागं टाकलं आस्तं म्हनून लपिवल्या."

"आन् त्यो हात?"

"हात पेंढ्या वढताना भाजला, आण्णा. आग इजवताना न्हाई."

"आठ दिस काय केलंस मग?"

"गप बसलो."

सहादेवानं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा त्यानं पायताण मारलं असतं तर बरं झालं असतं. कुणीतरी शिवी दिली. गहिनीला ती बरी वाटली. आणखी कुणी दिली असती तरी तो थांबून राहिला असता. त्याला भीती वाटत होती ती फक्त लंकाबाईकडे बघायची.

लंकाबाई दावं धरून तशीच उभी होती. ती म्हणाली, "म्हंजी मी काडी ठिवली न्हवती."

"न्हाई आक्का. तुझा पट्टा आंगनावानी हुता."

"मी इच्यारलं हुतं तुला. जाताना इच्यारलं, पेंढ्या न्हेल्या का. तू न्हेल्या म्हनलास, मी मानलं." तिनं दावं हाताला गुंडाळलं. "आन् घरी यून इच्यारलं. तवा बी न्हाई बोललास. गहिनी, मी आठ दिस डोळं मिटलं की त्यो पट्टा झाडतीया रं. ह्या टोकापासनं त्या टोकापतूर. कुटं काडी ऱ्हायली ती हुडकतीया. घावतच न्हवती मला."

गहिनीनं मान खाली घातली. त्याला रडू फुटलं आणि ते त्यानं लपवलं नाही.

मागून गवताची सळसळ ऐकू आली. चांगुणा येत होती. डोक्यावर पेंढ्यांचा एवढा मोठा भारा, की तिचं तोंड दिसत नव्हतं. तिला कुणी बोलावलं नव्हतं. रस्त्यावरचं बोलणं तिनं आपल्या परड्यातून ऐकलं होतं आणि दारातली वैरण उचलून ती चालत आली होती. ती लंकाबाईसमोर येऊन थांबली. तेवढ्यात गाईनंच मान लांब केली आणि चांगुणाच्या डोक्यावरच्या भाऱ्यातून एक घास ओढला, मग दुसरा. चांगुणा भारा धरून हलली नाही.

लंकाबाईनं गाईला खाऊ दिलं. मग दावं आखडून तिनं गाईचं तोंड माघारी, आपल्या दाराकडं वळवलं.

"घरी टाक गं भारा," ती चांगुणाला म्हणाली. चांगुणा तिच्या मागं निघाली.

"लंकाबाई," सहादेव खालच्या आवाजात म्हणाला, "ह्याच्या वाटचं समदं तुला. आन् आमचं चुकलं. सांग, आजून काय पायजे?"

लंकाबाई थांबली. वाऱ्यानं पदर उडत होता, तो तिनं दातांत धरला आणि मग सोडला.

"मला काय नगं आण्णा. पुढल्या साली माझा पट्टा कुटं बी द्या. कड्यावर द्या, काट्यात द्या. फकस्त ह्येच्या शेजारी नगं."

ती गेली. माणसं हळूहळू पाराकडे वळली. कुणी गहिनीला बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. गाईच्या तोंडातून सांडलेलं गवत रस्त्यावर पडलं होतं, आणि वारं त्यातली एकेक काडी उचलून न्यायला लागलं होतं. गहिनी खाली बसला आणि भाजक्या हातानं ते वेचू लागला.